शक्तिमानचं इंजिन बांधताना

लष्कराच्या लिलावातून आलेला ट्रक आणि बाजारात घेतलेला जुना ट्रक, दोघांची दुखणी वेगळी असतात. बाजारातला ट्रक धावून धावून झिजलेला असतो. लष्करातला बहुधा उभा राहून बिघडलेला असतो. त्याच्या मीटरवर किलोमीटर फार नसतात, चासी दणकट असते. पण सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल ओघळून गेलेलं असतं, टाकीच्या तळाशी डिझेलचा चिकट थर बसलेला असतो, रबरी सील कडक होऊन तडकलेली असतात. हा फरक न ओळखता पहिल्याच दिवशी बॅटऱ्या जोडून सेल्फ मारला, की दुरुस्त होण्यासारखं इंजिनही मोडून बसतं.

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातलं गाव, काळ्या मातीच्या पट्ट्यातलं. ट्रॅक्टर, मळणी यंत्रं, पाण्याचे टँकर यांच्यामुळे डिझेल इंजिन उघडणारे हात अशा बाजारपेठेच्या गावांत असतातच. पावसाळ्यात शेतरस्ते चिखलात बुडाले, की चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची किंमत इथल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. अशा गावात लिलावातली एखादी शक्तिमान आणून उभी केली, तर तिचं इंजिन कसं तपासायचं, कसं बांधायचं आणि त्यात काय सुधारायचं, हे क्रमाने पाहू. जालना शहर भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि न जमलेला ट्रक शेवटी त्या भट्टीच्याच वाटेला लागतो. चांगला ब्लॉक आणि चांगला क्रँक केवळ घाईमुळे भट्टीत जावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आधी गाडीची कुळकथा. शक्तिमान म्हणजे जर्मनीतल्या ‘मान’ कंपनीच्या ४१५ या ट्रकचं भारतीय रूप. परवाना घेऊन जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ साली तिची बांधणी सुरू झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन. पुढे जबलपुरातच वाहनांसाठी वेगळा कारखाना उभा राहिला. १९९० च्या दशकात अशोक लेलँडची स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्यांनी जागा घेईपर्यंत लष्कराचा मोठा भार शक्तिमाननेच वाहिला. मान कंपनीचं नाव डिझेलच्या जन्माशीच जोडलेलं आहे. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्गच्या ज्या कारखान्यात चाललं, तोच कारखाना पुढच्या वर्षी न्युर्नबर्गच्या कारखान्याशी एकत्र होऊन त्यातून मान उभी राहिली.

मानच्या त्या पिढीच्या इंजिनांत जळणाची एक खास पद्धत आहे, आणि ती समजल्याशिवाय त्यांना हात लावू नये. इतर इंजिनांत नोझल डिझेलचा बारीक फवारा दाबलेल्या हवेत मारतं. इथे पिस्टनच्या माथ्यात गोल वाटी कोरलेली असते आणि बहुतेक डिझेल त्या वाटीच्या गरम भिंतीवर पातळ थरासारखं पसरवलं जातं. वाटीत गरगर फिरणारी हवा त्या थराची वाफ उचलत जाते आणि डिझेल टप्प्याटप्प्याने जळतं. ही पद्धत झीगफ्रीड मॉयरर यांनी मानमध्ये १९५० च्या दशकात बसवली. एकदम भडका होत नसल्याने इंजिनाचा आवाज मऊ राहतो, आणि वेळप्रसंगी हलकं इंधनही चालून जातं. लष्कराला हेच हवं होतं. अमेरिकेच्या एम ३५ या अडीच टनी लष्करी ट्रकचं बहुइंधनी इंजिन याच पद्धतीवर बेतलेलं आहे. दुरुस्ती करणाऱ्याने यातून एवढं धरावं, की इथे नोझल आणि पिस्टन ही जोडी आहे. चुडीत बसतं म्हणून दुसऱ्या इंजिनाचं नोझल टाकलं, तर फवारा वाटीच्या चुकीच्या भागावर पडतो, धूर वाढतो आणि पिस्टनचा माथा एका जागी जळत राहतो. भिंत थंड असताना वाफ नीट होत नाही, म्हणून सकाळी पहिल्या काही मिनिटांत पांढरा धूर येणं या इंजिनाच्या स्वभावातच आहे; तेवढ्यावरून ते खराब ठरवू नये.

आता काम. पाना हातात घेण्याआधी कागद बघायचे. लिलावात गाडी चालू वाहन म्हणून विकली गेली की भंगार म्हणून, हे विक्रीच्या कागदांवरून कळतं, आणि पुढे नोंदणी होईल की नाही ते त्यावर ठरतं. नोंदणीच होणार नसेल, तर इंजिनावर पैसे घालून उपयोग नाही.

मग सगळे इंजेक्टर काढायचे. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल आत सोडून रात्रभर राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, अगदी सावकाश. यामागे दोन कारणं आहेत. रिंगा लायनरला गंजाने चिकटलेल्या असतील, तर सेल्फचा झटका त्या मोडतो. दुसरं कारण जास्त धोक्याचं आहे. पावसाचं पाणी सायलेन्सरमधून किंवा फुटलेल्या गॅस्केटमधून पिस्टनवर साठलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फने जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढलेले असले, तर तेच पाणी भोकातून बाहेर पडतं आणि इंजिन वाचतं. हाताने दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले, की पहिली परीक्षा पार पडली.

त्यानंतर चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्याचं, तेल काढायचं आणि ते फेकण्याआधी स्वच्छ परातीत उन्हात बघायचं. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर पंपाकडून किंवा गळक्या इंजेक्टरकडून डिझेल खाली उतरतंय. सोनेरी-तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय, आणि मग खालचं इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. टाकी खाली उतरवून धुवायची. वरवर खंगाळून भागत नाही, कारण तळाचा चिकट थर पहिल्याच खड्ड्यात सुटतो आणि फिल्टर भरतो.

कॉम्प्रेशन मोजणं ही या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी आहे, आणि गावाकडे ती सर्रास वगळली जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते एकोणिसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं, आणि त्यात शिरलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाब गळत असेल तर उष्णताही गळते. मग नवा पंप, नवी बॅटरी, नवं नोझल घालूनही इंजिन लागत नाही. इंजेक्टरच्या जागी डिझेलचा कॉम्प्रेशन गेज बसवून सहाही सिलिंडर एकेक करून मोजायचे. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, त्याचा काटा तुटतो. चांगल्या इंजिनात पंचवीस-तीस बारच्या आसपास आकडा येतो, पण मी आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक बघायला सांगेन. सगळे थोडे कमी पण सारखे असतील, तर ती एकसारखी झीज आहे. पाच चांगले आणि एकच पडलेला असेल, तर तिथे व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा रिंग यांपैकी काहीतरी गेलंय. शेजारशेजारचे दोन पडले असतील, तर त्यांच्या मधल्या गॅस्केटवर संशय धरायचा.

इथे एक फसवी युक्ती पुष्कळ जण करतात. पेट्रोलच्या गाडीत सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला की रिंगा गेल्या असं धरतात. डिझेलमध्ये हे जपून करायचं. एक लिटरचा सिलिंडर आणि सतरा पट दाब असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम साठ मिलिलिटरची असते. त्यात दोन चमचे तेल गेलं, तर जागाच कमी होते आणि रिंगा कशाही असोत, आकडा चढतो. म्हणून आदल्या दिवशी घातलेलं तेलही आधी इंजिन फिरवून बाहेर काढायचं आणि मगच मोजायचं.

इंजिन सुरू होण्याच्या स्थितीत असेल, तर धूरही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: एअर क्लीनर तुंबलाय, नोझल टपकतंय किंवा पंपाचा स्क्रू कुणी वाढवलाय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता जातंय, किंवा पाणी आत येतंय. पाण्याचा असेल तर रेडिएटरचं झाकण उघडल्यावर बुडबुडे दिसतात.

इंजिन उघडायचं ठरलं, की पहिला नियम खुणा करण्याचा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी, मेन बेअरिंगच्या टोप्या, व्हॉल्व्ह, पुशरॉड, सगळं ज्या जागेवरून निघालं त्याच जागी परत जायला हवं, कारण हे भाग वर्षानुवर्षं एकमेकांत मुरलेले असतात. हेडचे नट बाहेरून आत असे थोडे थोडे सैल करायचे; बसवताना उलट, मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने.

लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. सर्वाधिक झीज होते ती वरची रिंग जिथे क्षणभर थांबून परत फिरते तिथे, कारण तिथे उष्णता जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजायचं. चार-पाच शतांश मिलिमीटरचा फरक असेल तर नव्या रिंगा आणि हलकं होनिंग पुरतं. पाव मिलिमीटरकडे गेला, तर बहुतेक ट्रक-इंजिनांत लायनर-पिस्टनचा सेट बदलावा लागतो. नख लावून जाणवणारा काठ वरच्या बाजूला झाला असेल आणि तो न काढता नवी रिंग टाकली, तर ती त्या काठावर आपटून तुटते.

क्रँकच्या बाबतीत मी सर्वांत हट्टी आहे. जर्नल मायक्रोमीटरने मोजायचं, ते अंडाकृती झालंय का ते बघायचं. झालं असेल तर क्रँक ग्राइंडिंगला पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यात घासून घेतात आणि तेवढं जाड बेअरिंग बसवतात. पण घासणाऱ्याला एक गोष्ट तोंडाने सांगून यायची: जर्नल जिथे क्रँकच्या पाटाला मिळतं तिथली गोलाई राखा. ग्राइंडिंगच्या दगडाची कड धारदार असेल आणि तिथे काटकोनी खाच पडली, तर सगळा ताण त्या खाचेत गोळा होतो आणि भरल्या गाडीत चढावर क्रँक तिथूनच तुटतो. काम घरी आणल्यावर ती गोलाई बोटाने चाचपून बघायची, तेलाची भोकं तारेने साफ करायची, आणि मगच बेअरिंग लावायचं.

डिझेल पंप आणि नोझल मात्र गावच्या ओट्यावर उघडायचं काम नाही. पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. धुळीचा एक कण तिथे ओरखडा पाडतो, आणि एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालता येत नाही. पंप टेस्ट बेंचवर चढवून सहाही नळ्यांतून सारखं डिझेल येतं का ते मोजून घ्यावं. मराठी मुलखाला या कामाची ओळख जुनी आहे. मायको, म्हणजे आजच्या बॉशचा, नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठीच ओळखला जातो. नोझलच्या हँड टेस्टरवर उघडण्याचा दाब, जुन्या इंजिनांत साधारण १७५ ते २२० बार, फवाऱ्याचा आकार आणि टोकावर थेंब लोंबतो का, या तीन गोष्टी बघतात. आणि एक गोष्ट कुठल्याही घाईत विसरू नये. चालू फवाऱ्याखाली बोट नेऊ नये. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि दुखतही नाही, पण आतलं मांस मरत जातं. असं झालं तर थांबून बघत न बसता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं आणि काय शिरलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

१ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखात दहा भागांपुरतं उरलंय. जुन्या डिझेलमध्ये मुरलेली जुनी रबरी सील या नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि गळू लागतात. म्हणून पंप उघडलाच आहे तर सगळी सील आणि नळ्या व्हिटॉनच्या घालून घ्याव्यात. खर्च थोडा, आणि पंप पुन्हा उतरवायची वेळ येत नाही.

पंप परत बसवला की वेळ जुळवायची, म्हणजे पहिल्या सिलिंडरला डिझेल नेमकं कितव्या अंशावर सुटतं ते फ्लायव्हीलच्या खुणेशी मिळवायचं. मग एअर काढायची: आधी फिल्टरपाशी, मग पंपापाशी, शेवटी इंजेक्टरच्या नळ्या सैल करून. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की नट आवळायचे.

थंडाव्याकडे आपल्या भागात विशेष लक्ष हवं, कारण बोअरचं पाणी बहुधा जड असतं. रेडिएटरमध्ये ते वर्षभर घातलं, की इंजिनाच्या जॅकेटमध्ये क्षारांची खपली धरते, आणि ती खपली उष्णता अडवते. काटा ठीक दाखवतो आणि आतला लायनर मात्र तापत राहतो. रेडिएटर उघडून नळ्या साफ कराव्यात, जॅकेट धुवावं, आणि पुढे आरओचं पाणी आणि कूलंट एवढंच वापरावं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय मोडायला हवी. त्याने इंजिन थंडच चालतं, तेलात पाणी आणि आम्ल साठतं, लायनर लवकर झिजतो.

सुधारणेचा विचार यानंतर करायचा. सुधारणा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे टर्बो येतो. माझ्या मते पहिला पैसा हवा, डिझेल आणि तेल स्वच्छ ठेवण्यात जावा. तेलाच्या भांड्याचा जुना एअर क्लीनर जागेवर ठेवून त्याच्याआधी धूळ गाळणारा प्री-क्लीनर बसवावा किंवा कागदी फिल्टरवर जावं; उन्हाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर उडणारी धूळ लायनरचा खरा शत्रू आहे. डिझेलच्या वाटेत पाणी वेगळं करणारा फिल्टर घालावा. चोवीस व्होल्टच्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर लावावा, म्हणजे कमी फेऱ्यांवरही बॅटऱ्या भरतात आणि सेल्फ जोराने फिरतो.

टर्बोबद्दल अमेरिकेच्या एम ३५ ट्रकचा अनुभव बोलका आहे. त्याच्या बहुइंधनी इंजिनाला टर्बो जोडला गेला, तो ताकदीपेक्षा काळा धूर कमी करण्यासाठी. ताकद फारशी वाढवलीच नाही. शक्तिमानला तोच मार्ग शहाणपणाचा आहे. अर्ध्या बारच्या आत दाब, पंपाचा स्क्रू न वाढवता, आणि एक्झॉस्टमध्ये तापमान दाखवणारा गेज. तो काटा सातशे अंशांच्या आत राहत नसेल, तर या पिस्टनांना ती ताकद झेपत नाही असं समजावं.

आता लष्करातल्या दुसऱ्या दोन गाड्या, निसान एक टनी आणि जोंगा. या गाड्यांत मुळात सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, जोंगात ३९५६ सीसीचं. ते खासगी मालकाला परवडत नाही, म्हणून इंजिनच बदलण्याची रीत पडली. जबलपूरच्या कारखान्यानेही शेवटी हिनोच्या डिझेल इंजिनाची जोंगा काढली. ही रीत त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या लष्करी पेट्रोल ट्रकांना पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली जात, आणि ती पुढे मद्रासच्या सिम्पसनने इथेच बनवायला घेतली.

इंजिन बदलताना ते बॉनेटखाली मावतं का, एवढ्यावर थांबू नये. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त पीळ देतं. जुना गिअरबॉक्स आणि ॲक्सल तो पीळ सोसतील का, हा पहिला प्रश्न. फोर बाय फोर गाडीत पुढचा ॲक्सल इंजिनाच्या खालीच असतो, म्हणून चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, ते मोजायचं. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात डिफरन्शियल चेंबर फोडतो. ॲडॅप्टर प्लेट लेथवर करताना फ्लायव्हीलचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य डायल गेजने जुळवायचा; तो चुकला तर क्लच आणि बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात आणि दोष नव्या इंजिनावर येतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केला, तर नोंदणी प्राधिकरणाकडून तो नोंदवून घ्यावा लागतो. काम सुरू करण्याआधीच जालन्याच्या आरटीओत विचारून यावं.

इंजिन बांधून झालं की पहिल्यांदा सुरू करतानाही घाई नको. डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारायचा, तेलाच्या दाबाचा काटा उचलला की मगच डिझेल सोडायचं. सुरू झाल्यावर तासन्‌तास न्यूट्रलमध्ये चालवत ठेवू नये. भाराशिवाय रिंगा लायनरवर बसत नाहीत आणि भिंती गुळगुळीत होऊन तेल वर चढू लागतं. गरम होऊ द्यावं आणि अर्ध्या भाराने रस्त्यावर काढावं, फेऱ्या कमी-जास्त करत. गॅस्केट तसं सांगत असेल तर हेड पुन्हा आवळावं, टॅपेट फिलर गेजने पुन्हा बघावेत. पाचशे किलोमीटरला पहिलं तेल काढायचं आणि जुना फिल्टर कापून आतला कागद उन्हात पसरून बघायचा. नव्या रिंगांची बारीक करडी भुकटी दिसली तर ते अपेक्षितच आहे. तांबूस चकाकी दिसली, तर गाडीवर भार घालण्याआधी चेंबर पुन्हा खाली घ्यायचा आणि बेअरिंग बघायचं.